आश्रमातून निघालेला दवाखाना

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. गावाचं जुनं नाव शेगाव. पण गांधीजींची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये हे नवं नाव आलं.

आश्रमात शिरलं की पावलं आपसूक बापूकुटीकडे वळतात. वळावीतच. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि भिंतीवर मीराबेनच्या हातची ताडाची झाडं. मातीतच उठवलेली.

आज मात्र आपण आखरी निवासात थोडं जास्त थांबू. ही कुटी बांधली जमनालाल बजाजांसाठी. पुढे डॉ. सुशीला नायर इथं दवाखाना चालवू लागल्या. १९४६ मध्ये खोकल्यानं बेजार झालेले गांधीजी इथंच राहायला आले आणि इथूनच निघाले. सेवाग्रामला ते परत आले नाहीत.

जवळच परचुरे शास्त्रींची कुटी. महारोग म्हटलं की माणसं लांब सरकायची, त्या काळात गांधीजी या संस्कृत पंडिताला स्वतः मालिश करत. पुढे इथं जे उभं राहिलं, त्याचं मूळ मला या कुटीत दिसतं.

कस्तुरबा गेल्या १९४४ मध्ये. पुढच्याच वर्षी, पाहुण्यांसाठी बांधलेल्या एका घरात त्यांच्या नावाचं रुग्णालय सुरू झालं, बायका आणि लेकरांसाठी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ ला, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालं. ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं.

आणि ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक गावानं ऐकावी अशी आहे. १९८० च्या दशकात आसपासच्या गावांनी आपल्या दवाखान्याची तजवीज ज्वारीवर केली. पीक घरात आलं की वर्गणी गोळा व्हायची. ज्याची शेती जास्त, त्याची ज्वारी जास्त. गावातली बहुतेक घरं सामील झाली, तरच गाव योजनेत. हातात रोकड नसलेल्या शेतमजुरालाही मग रुग्णालयाच्या दारात ताठ मानेनं उभं राहता येई. ही दया नव्हती, त्याचा हक्क होता.

डॉक्टर व्हायला आलेली पोरं आजही आधी आश्रमात राहतात. पहाटेची प्रार्थना, झाडलोट, सूतकताई, श्रमदान. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि एकेका विद्यार्थ्याकडे काही घरं येतात. शरीरशास्त्राचं पुस्तक आणि त्या घरांतली आजारपणं, दोन्हींचा अभ्यास एकाच वर्षी सुरू होतो.