पोपटाची भरलेली वाटी

(‘घरातला पोपट : आहार आणि हाताळणी’ या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय आहार आणि हाताळणी. दोन्हींना सारखा वेळ देईन असं वचन मात्र देत नाही, कारण मला मनापासून बोलायचंय ते एकाच वस्तूवर. पिंजऱ्याच्या कडेला अडकवलेली ती दाण्याची वाटी. माझं तिच्याशी जुनं वैर आहे.

इथे आलेल्या बहुतेकांकडे पोपट आहे असं धरून चालतो. बजी असो, कॉकाटील असो, मकाव असो, सगळे पोपटच. कोणता पक्षी घरी ठेवायला कायद्याने परवानगी आहे हे आणायच्या आधी बघायचं असतं, आणल्यानंतर नाही. आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. हे एवढं सांगून वाटीकडे येतो.

माझ्या दवाखान्यात एकदा एक गृहस्थ आले. हातात पिंजरा, पिंजऱ्यात बजी, अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला. तक्रार अशी की, वाटी सकाळी भरतो, संध्याकाळी बघावं तर जशीच्या तशी भरलेली. खातच नाही, भूक लागायचं औषध द्या. सोबत त्यांच्या आई होत्या. त्या काहीतरी सांगायला बघत होत्या आणि चिरंजीव दर वेळी “आई, डॉक्टरांना बोलू दे” म्हणून त्यांना थांबवत होते. डॉक्टर बोलतच नव्हते, ते वाटीकडे बघत होते.

पोपट दाणा अख्खा गिळत नाही. वरच्या चोचीच्या खाचेत धरतो, जिभेने फिरवतो, साल फोडतो, आतला गर खातो आणि फोलपट तिथल्या तिथे टाकतो. बहुतेकदा वाटीतच. मी वाटी टेबलावर घेतली आणि एक फुंकर मारली. फोलपटं टेबलावर, केसपेपरवर, माझ्या चष्म्यावर, त्यांच्या सदऱ्यावर! तळाला उरले चार-सहा दाणे, तेही किडके. मग पक्ष्याची छाती चाचपली. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत होतं, दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं. गृहस्थ म्हणाले, “म्हणजे हा उपाशी आहे?” आणि आता आईंना कोण अडवणार? “मी कधीची सांगतेय, तो नुसता वाटीत चोच आपटत असतो म्हणून!” घरातलं खरं निदान बहुतेक वेळा असंच झालेलं असतं, फक्त ऐकणारं कोणी नसतं. पक्षी वाचला. औषध लागलंच नाही, दाणे लागले.

तुम्ही म्हणाल, आमची वाटी खऱ्या दाण्यांनी भरलेली असते. मग तर तुमच्याशी जास्तच बोलायला हवं. एक बाई मला म्हणाल्या, “आठ प्रकारचं मिश्रण घालते हो!” घालता आठ, तो खातो दोन. सूर्यफुलाचं बी आधी निवडतो, कारण त्यात चरबी भरपूर. कॅल्शियम मात्र अगदी थोडं, आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षं हेच खाल्लं की यकृतात चरबी साचते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडातलं, नाकातलं, श्वासनलिकेतलं अस्तर बिघडतं आणि पक्ष्याला सारखा संसर्ग होत राहतो. मालक सांगतात, याला सर्दीची सवय आहे. सर्दीची सवय नसते हो कोणाला! ग्रे पोपटाला तर कॅल्शियम घसरल्यावर झटके येतात. आणि खिडकीशी ठेवतो, ऊन मिळतं, असं म्हणू नका. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काचेतून आत येत नाहीत. उघड्यावरचं कोवळं ऊन हवं, शेजारी सावली हवी आणि तुमचं लक्ष हवं.

वाटीवरचा माझा सगळ्यात मोठा आरोप मात्र वेगळाच आहे. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात घालवतो. उडायचं, शोधायचं, सोलायचं, फोडायचं, हे त्याचं काम आहे. तुम्ही वाटी भरून ठेवली की ते काम पंधरा मिनिटांत संपतं. उरलेला दिवस करायचं काय? मग तो ओरडतो, सोफा कुरतडतो, आणि काहीच नाही जमलं तर स्वतःची पिसं उपटतो. पिसं उपटण्याला आजाराचीही कारणं असतात, ती आधी तपासावी लागतात. पण ॲमेझॉन पोपटांवर प्रयोग झालेत. अन्न मिळवायला खटपट करावी लागेल अशी सोय केल्यावर त्यांचं पिसं उपटणं कमी झालं. आणि समोर आयतं खाणं असतानाही अनेक पोपट तेच खाणं कष्ट करून मिळवणं पसंत करतात. कष्ट करावेसे वाटणारा प्राणी घरात आहे आणि आपण त्याला पेन्शन देतोय.

तेव्हा वाटी काढा. लगेच उद्या नको, हळूहळू. आधी कागदाच्या पुडीत त्याच्या डोळ्यांदेखत दाणा ठेवायचा, पुडी अर्धी उघडी. ती फाडायला शिकला की घट्ट करायची. मग पुठ्ठ्याच्या नळीत, मग पिंजऱ्यात चार ठिकाणी. पालेभाजीची जुडी टांगून ठेवायची. पहिल्याच दिवशी कोडं अवघड केलंत तर पक्षी उपाशी राहील आणि नाव माझं घ्याल.

आता मिरची. मघापासून दोन हात वर आहेत, विषय मला माहीत आहे. पोपटाला तिखट का लागत नाही? तिखटपणा ज्यामुळे आपल्याला जाळतो, त्या कॅप्सेसिनला पक्ष्यांच्या नसांमधला ग्राही, म्हणजे रिसेप्टर, प्रतिसादच देत नाही. त्यामुळे मिरची खाण्यात पोपटाचं काही शौर्य नाही. एका घरी यजमानांनी पाहुण्यांसमोर पोपटाबरोबर मिरची खायची पैज लावली होती. पोपट झाला तो यजमानांचा. मिरची जरूर द्या, लाल असेल तर उत्तमच, त्यातून अ जीवनसत्त्व मिळतं.

रोजचं खाणं म्हणाल तर निम्म्याहून जास्त पेलेट, म्हणजे पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या आहाराच्या गोळ्या, मग गाजर, लाल भोपळा, रताळं, ढोबळी मिरची, गडद हिरव्या भाज्या, फळं थोडी. बिया बक्षीस म्हणून. दाण्यावरून पेलेटवर आणायला आठवडे लागतात, कारण पेलेट हे अन्न आहे हेच त्याला ओळखू येत नाही. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम इथे चालत नाही, तो उपाशी बसतो. म्हणून ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. ३५ ग्रॅमचा बजी तीन-साडेतीन ग्रॅम उतरला म्हणजे दहावा हिस्सा गेला. तिथे प्रयोग थांबवायचा आणि डॉक्टर गाठायचा. आजार लपवण्यात पोपट पटाईत. फुगून बसलेला दिसतो तोवर उशीर झालेला असतो, काटा आधी सांगतो.

अजिबात द्यायचं नाही ते : ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारट पदार्थ, सफरचंदाच्या बिया. आणि न खाताही जीव घेणारी गोष्ट म्हणजे तापून करपलेलं नॉनस्टिक भांडं. त्याचा धूर आपल्याला जाणवतही नाही, पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

चिठ्ठी आली. “दहा मिनिटं.” आणि हाताळणी तर सगळीच राहिलीय. भराभर सांगतो, लिहून घ्या.

हात पुढे केला की पोपट आधी चोच टेकवतो. तो चावत नाही, फांदी पक्की आहे ना हे बघतो. तुम्ही दचकून हात मागे घेता, आणि ही फांदी हलते असं त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी तो घट्ट पकडतो, तुम्ही ओरडता. हात स्थिर ठेवा, पायांच्या किंचित वर, पोटाशी. तो आपणहून चढेल. डोळ्यांतल्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतायत, शेपूट पंख्यासारखं उघडलंय, तर त्या क्षणी हात नकोच. चावलाच तर आरडाओरडा नको, त्याला तो तमाशा आवडतो. झटकायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. शांतपणे दांडीवर ठेवा आणि दोन मिनिटं तोंड फिरवा.

कुरवाळायचं ते डोकं आणि मान, बस. पाठीवरून आणि पंखांखाली हात फिरवणं त्याच्या भाषेत जोडीदाराचं काम आहे. त्यातून मादी नर नसतानाही अंडी घालत सुटते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकून जिवावर बेततं.

नखं कापायला किंवा औषध पाजायला धरायचं झालं तर टॉवेलमध्ये, डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच सावरून. छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा पडदा, नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास. घट्ट धरलंत तर तो ओरडूही शकणार नाही आणि तुम्हाला वाटेल शांत झाला. एकट्याने जमत नसेल तर दुसऱ्याला बोलवा.

झोप दहा-बारा तास, अंधारात, टीव्हीच्या खोलीत नाही. तोंडातला घास चोचीत द्यायचा नाही, आपल्या लाळेतले जंतू त्याला बाधतात. उलट बाजूने, त्याच्या विष्ठेच्या धुळीतून सिटाकोसिस हा फुप्फुसांचा संसर्ग आपल्याला होऊ शकतो. पिंजरा ओला करून पुसा, कोरडा झाडू नका, हात धुवा. घरात कोणाला ताप आणि खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना पोपट आहे हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

वेळ संपली. प्रश्न घेतो, पण ‘बोलायला कसा शिकवू’ हा सगळ्यांत शेवटी.