बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय: मधल्या दिवसांत नेमकं काय चालू असतं

नमस्कार. स्तनात गाठ हाताला लागली, सोनोग्राफी-मॅमोग्राफी झाली, सुईची बायोप्सीही झाली आणि आता रिपोर्टकडे डोळे लागलेत. हा व्हिडिओ फक्त या मधल्या दिवसांसाठी आहे. उपचारांबद्दल आज बोलणार नाही, कारण ते लागणार आहेत की नाहीत हेच अजून ठरलेलं नाही.

सुरुवात उशिरापासून करू, कारण सगळ्यात जास्त जीव तोच खातो. चार दिवस झाले, पाच झाले, लॅबवाले म्हणतात "अजून तयार नाही". मग मनात एकच येतं: काहीतरी वाईट निघालंय, म्हणून सांगत नाहीत. तसं समजायला काहीच आधार नसतो. का, ते कळायला तो तुकडा लॅबमध्ये कुठून कुठे जातो ते बघू या.

(झाकणाची छोटी प्लॅस्टिकची डबी कॅमेऱ्याजवळ धरून)

ही ती डबी. कोअर बायोप्सीत साधारण १४ गेजच्या सुईने चार ते सहा तुकडे काढतात. एकेक तुकडा शेवईच्या काडीएवढा जाड, एक-दोन सेंटिमीटर लांब, पांढरट-पिवळसर. काही तरंगतात, काही तळाशी बसतात. चरबी जास्त असली की तुकडा तरंगतो, एवढंच. त्यावरून घरी काही ठरवू नका. आतलं द्रव पाण्यासारखं दिसतं, पण ते १० टक्के फॉर्मालिन असतं, म्हणजे तुकडा खराब होऊ न देणारं रसायन. त्यात तुकडा मुरावा लागतो, किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास. घाई करून लवकर बाहेर काढला, तर पुढच्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या (कॅन्सर निघालाच तर कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या) चुकीचं उत्तर देऊ शकतात. म्हणजे पहिला दिवस नुसता मुरण्यातच जातो, आणि तो जायलाच हवा.

मग तुकडा रात्रभर मशीनमध्ये असतो. त्यातलं पाणी काढून जागी मेण भरतात. सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग. काप काचेवर, म्हणजे स्लाइडवर, घेऊन जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग देतात, आणि तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांपुढे काहीतरी येतं. सोमवारी बायोप्सी झाली असेल, तर ही पहिली नजर बुधवारी किंवा गुरुवारी पडते. मध्ये रविवार, गणपती, दिवाळी आली की आणखी पुढे.

आता खरा गैरसमज इथे होतो. लॅबमधून निरोप येतो, "आयएचसी करावी लागेल, आणखी तीन-चार दिवस." घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. पण आयएचसी म्हणजे पेशींना खास रंग देऊन त्यांची ओळख पटवणं. साधी, निरुपद्रवी वाढ आहे की पुढे लक्ष ठेवावी लागेल अशी, हा फरक ओळखायलाही ती करतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट वरचेवर दिसते: टीबी किंवा ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिस, म्हणजे स्तनाची एक प्रकारची सूज. सोनोग्राफीत ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते. ती ओळखायला वेगळे रंग, वेगळ्या चाचण्या, म्हणजे पुन्हा दिवस. कॅन्सर निघालाच तरी हर-टूचं उत्तर "दोन प्लस" म्हणजे अधांतरी आलं, तर फिश नावाची चाचणी लागते आणि तिला अजून काही दिवस जातात. कधी लॅब म्हणते, नमुना अपुरा आहे, पुन्हा घ्या. त्याचा अर्थ सुई हव्या त्या जागी लागली नाही किंवा पुरेसा तुकडा आला नाही, इतकाच.

म्हणून लॅबला फोन करताना "रिपोर्ट आला का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. विचारा, "नमुना कुठल्या टप्प्यावर आहे? ब्लॉक झाला का? आयएचसीला गेलाय का?" नोंदणी क्रमांक हातात ठेवा. हे प्रश्न ऐकले की समोरचा माणूस रजिस्टर उघडून बघतो.

तालुक्याच्या गावात नातेवाइकांनाच डबी लॅबमध्ये न्यायला लावतात, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. डबीवर नाव, वय, तारीख, वेळ आणि डावा की उजवा हे लिहिलंय का, ते निघण्याआधी स्वतः वाचा. बाजूची चूक सगळ्यात महागात पडते. डबीत फॉर्मालिनच आहे ना, सलाईन किंवा पाणी नाही ना, हे विचारा. तुकड्यांच्या किमान दहापट हवं. फ्रीजमध्ये ठेवू नका, साध्या खोलीच्या तापमानाला चालतं. आणि त्याच दिवशी पोचवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला स्लाइड आणि ब्लॉक लेखी अर्ज देऊन मागता येतात. मुंबईत टाटा मेमोरियलला गेलात तर तिथेही नुसता कागद पुरत नाही, त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्लाइड स्वतः बघतात. एप्रिल-मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडतं.

आता तुमच्या हातात आधीच असलेल्या कागदाकडे येऊ. मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा. चित्र बघून कॅन्सरची शक्यता किती वाटते, ते हा आकडा सांगतो. इंटरनेटवर "बहुतेक बायोप्सी साध्याच निघतात" असं वाचाल. ते आकडे बरेचदा अमेरिकेतले असतात, काहीही त्रास नसताना तपासणी करणाऱ्या बायकांचे. तुमच्यासाठी तुमच्याच रिपोर्टवरचा आकडा जास्त खरा. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता दोन टक्के किंवा त्याहून कमी. ४-ए म्हणजे दोन ते दहा टक्के. ४-बी म्हणजे दहा ते पन्नास, ४-सी पन्नास ते पंचाण्णव, आणि ५ म्हणजे पंचाण्णवच्या वर. शून्य म्हणजे चित्र अपुरं, अजून फोटो हवेत. नुसतं "४" लिहिलं असेल, तर डॉक्टरांना विचारा, ए, बी की सी. दोन टक्क्यांच्या जवळ असताना नव्वद टक्क्यांची भीती उरावर घेऊन बसायचं कारण नाही. आणि आकडा मोठा असेल, तर तोही माहीत असलेला बरा, म्हणजे रिपोर्टच्या दिवशी एकटं जायचं नाही हे आधीच ठरवता येतं.

या दिवसांत एका गोष्टीला ठाम नाही म्हणा. कुणी म्हणालं, "रिपोर्टची वाट कशाला बघता, गाठ काढूनच टाकू, मग तपासू," तर थांबा. निदानाआधी गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर गाठीभोवतीच्या कडा कॅन्सरपासून नीट सुटलेल्या नसतात, पुन्हा ऑपरेशन लागतं आणि आधी औषध देऊन गाठ लहान करायचा मार्गही अवघड होतो. ही घाई आपल्याकडे खूप होते आणि तिचं नुकसान खरं असतं. त्या मानाने एखादा आठवडा वाट बघितल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनोन्महिने टाळल्याने. तसंच गरम शेक, मालिश, लेप काही नको. सीए १५-३ ही रक्तचाचणी निदानासाठी नसते आणि पेट स्कॅनची वेळ अजून आलेली नाही, ते पैसे वाचवा. आणि शेजारच्या काकू म्हणतील की सुई लागली की रोग पसरतो. त्याने आजार बळावतो असं दिसून आलेलं नाही. उलट उपचार नीट ठरवायचे तर सुईशिवाय पर्याय नाही.

अंगाचं थोडक्यात. पहिले २४ तास घट्ट ब्रा, झोपतानाही. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मध्ये विश्रांती देऊन. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका. दोन दिवस कळशी, सिलिंडर, धुण्याची बादली उचलायची नाही. काळं-निळं पडतं, मग हिरवट-पिवळं होतं, एक-दोन आठवड्यांत जातं. सूज वाढतच गेली, ताप आला, पू दिसला किंवा रक्त दाबूनही थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि रात्र. दिवस कसाबसा निघतो, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात आणि हात मोबाईलकडे जातो. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आसपास, वीस मिनिटं काळजीसाठी ठरवून ठेवा: वही घ्या, मनात येईल ते सगळं लिहा, कितीही भयंकर असलं तरी. वीस मिनिटांनी वही बंद. पहाटे तोच विचार आला की त्याला सांगायचं, उद्या संध्याकाळी. पहिल्या रात्री जमणार नाही, तिसऱ्या-चौथ्या रात्री थोडं जमायला लागतं. श्वास आत घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. एवढं करूनही जीव घुसमटत असेल, तर टेली मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. तिथे आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. "रिपोर्टची वाट बघतेय, झोप लागत नाही" इतकं पुरतं.

सांगायचं कुणाला? आपल्याकडे आधी सगळं लपवतात, मग एकदम पंचवीस जणांना कळतं आणि रोज पंचवीस फोन. दोनच माणसं निवडा. एक जे सोबत येईल, आणि एक जे बाकीच्यांना परस्पर सांगेल, "कळलं की आम्हीच कळवू." मुलं मोठी असतील तर त्यांना खरं सांगा: तपासणी झालीय, उत्तर यायचंय. घरातल्या कुजबुजीवरून ती याहून वाईट काहीतरी समजून बसलेली असतात.

शेवटची तयारी रिपोर्टच्या दिवसाची. आजकाल पीडीएफ रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येऊन पडते आणि डॉक्टर भेटतात दुसऱ्या दिवशी. तो कोण उघडणार हे आधी ठरवा. उघडायचा नसेल, तर लॅबला सांगा की डॉक्टरांकडेच पाठवा. उघडलात, तर खाली "इंप्रेशन" किंवा "डायग्नोसिस" लिहिलेली ओळ वाचा. वरचं वर्णन सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं त्याचं असतं, त्यातले शब्द उगाच घाबरवतात. आणि तिथे "ग्रेड तीन" दिसलं, तर ती तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड म्हणजे पेशी किती वेगळ्या दिसतात आणि किती झपाट्याने वाढताहेत. स्टेज म्हणजे आजार कुठवर गेलाय, आणि ती या एका कागदावरून ठरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या फिल्म आणि सीडी न्या, चालू गोळ्यांची पानं न्या, आधार आणि रेशनकार्डही न्या. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का ते आज घरी बसून तपासा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज पुढे करावा लागलाच, तर एका अक्षरापायी खेपा पडतात. आणि रिपोर्ट "साधी गाठ" असा आला, तरी खुर्चीतून उठण्याआधी एक विचारा: "डॉक्टर, सोनोग्राफीत जे दिसलं होतं त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का?" बायरॅड्स ५ होतं आणि बायोप्सी साधी आली, तर दोन्ही जुळत नाहीत, आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते.