गुळगुळीत पट्ट्यातला आकडा

नवतपा लागलाय. नागपूरच्या महाल भागातल्या या वाड्याचा माळा दुपारी भट्टीसारखा तापतो, आणि त्याच माळ्यावर पत्र्याच्या पेटीत या ग्रामोफोनच्या तबकड्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. वरच्या चार पापडासारख्या वाकल्यात. तबकडी लाखेची, आणि लाखेला ऊन सोसत नाही. होय, लाखच. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर येते तीच. म्हणून तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते आणि तिच्यासोबत गाणंही जातं. साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं ठेवायचं. बस.

आता या एका तबकडीचं वय काढू. लेबलवर राग आहे, कंपनीचं नाव आहे. वर्ष नाही. गायिकेचं नाव होतं तेवढाच कागद वाळवीने खाल्लाय.

चित्र कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं आहे. त्याच्याआधी पिसाने लिहिणारा देवदूत असायचा. पण कुत्रा दिसला म्हणून घाई करू नका. कंपनी जुनंच ध्वनिमुद्रण नव्या लेबलखाली पुन्हा काढायची. लेबलवरून कळतं ते ही प्रत कधी निघाली तेवढंच. बाई गायल्या कधी, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

दिवा तिरपा धरतो. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात बघा. हा मॅट्रिक्स क्रमांक, त्या एका मुद्रणाचा. एकाच दौऱ्यात घेतलेल्या गाण्यांचे क्रमांक सहसा ओळीने लागतात. शेजारच्या क्रमांकाचं वर्ष माहीत असेल, तर हिचंही जवळपास हाती येतं.

क्रमांकामागे त्रिकोण नाही. १९२५ पासून कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला, आणि ग्रामोफोन कंपनी अशा मुद्रणावर छोटा त्रिकोण कोरू लागली. पुढे चौकोनही आला. इथे दोन्ही नाहीत. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, कान लावायला हवा.

ऐका. आवाज खणखणीत, तबला पार मागे, तंबोरा जवळपास नाहीच. या बाई कर्ण्यात तोंड घालून गायल्या आहेत.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं म्हणून कलावंत शेवटी स्वतःचं नाव सांगत. ‘माय नेम इज गौहर जान’ हे त्यातूनच आलं. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, तरी ही सवय काही काळ राहिली.

म्हणून गाणं संपलं तरी मी सुई उचलत नाही.

खरखर. आणि मग, अगदी कडेला, ‘...बाई’.

त्याआधीची अक्षरं नीट लागत नाहीत. त्या काळी तबकडीचा वेगही सगळीकडे मिनिटाला ७८ फेरे नसायचा. आता थोडा कमी करून पुन्हा लावतो.