फळीवरचा शेकडा

(व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, शब्दांकन करून)

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डची केस स्टडी आहे. अमूलवर इतकं लिहून झालंय की आणंदच्या म्हशींनाही आता मुलाखत द्यायची सवय झाली असेल. मी आज बोलणार आहे ते गडचिरोलीतल्या तेंदूपत्त्याबद्दल, म्हणजे विड्या वळायच्या पानांबद्दल. तिथे दरवर्षी उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस एक प्रचंड धंदा उभा राहतो आणि पावसाच्या आधी मोडतो. त्याचं व्यवस्थापन कसं चालतं, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कुठे दिसलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची, म्हणजे बांबू, तेंदूपत्ता अशा लाकडाखेरीजच्या मालाची, मालकी गावाकडे आली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेनं स्वतः द्यायचे, ते पुस्तक मिळायला मात्र २०११ चा एप्रिल उजाडला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश ते द्यायला गावात आले होते. नंतरच्या वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. जाहिरात द्यायची, निविदा उघडायच्या, व्यापाऱ्याशी करारनामा करायचा, हप्ते वसूल करायचे. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी तर एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, कारण एकट्या गावाला व्यापारी भाव पाडून मागतो.

आता या ग्रामसभेला आपल्या शास्त्रात कुठे बसवायचं? ती कंपनी नाही. सहकारी संस्थाही नाही. भागभांडवल नाही, संचालक मंडळ नाही. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस सभासद. मेंढ्यात तर बहुमतही चालत नाही. एकाचा विरोध असला तरी निर्णय थांबतो, पुन्हा बैठक बसते. आणि देशोदेशींच्या संस्कृतीचे जे प्रसिद्ध आकडे आपण वर्गात शिकवतो, त्यांत भारताचा ‘पॉवर डिस्टन्स’ ७७, म्हणजे वरच्याचं निमूट ऐकणारे लोक! हे आकडे मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून आले. कंपनीनं १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला, आकडा मात्र इथेच मुक्कामाला राहिला. आफ्रिकेची गत आणखी वाईट. केनिया, टांझानिया, इथिओपिया, झांबिया मिळून एकच ‘पूर्व आफ्रिका’!

हसू नका, मीही तेच करून बसलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे पाच पर्यायांची प्रश्नावली होती, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत. मराठीत, आणि समोरचं गाव गोंडी बोलणारं. एक मावशी पानं जुळवत बसल्या होत्या. मी विचारलं, उत्पन्नाबद्दल किती समाधानी आहात? त्यांनी आभाळाकडे पाहिलं. म्हणाल्या, “आज पाणी नाही आलं तं समाधानी. आलं तं काय लिहू सांगा.” वाळत घातलेल्या पानांवर अवकाळी पाऊस पडला की पानं काळी पडतात. हे माझ्या पाच चौकोनांत कुठेच बसत नव्हतं.

प्रश्नावली पिशवीत टाकली आणि फळीवर जाऊन बसलो. फळी म्हणजे पानं मोजून घ्यायची जागा. पहाटे अंधारात जंगलात गेलेलं घरदार दुपारी ओझी घेऊन परततं आणि पुडे बांधायला बसतं. एका पुड्यात सत्तर पानं. संध्याकाळी ते फळीवर ओळीनं मांडले जातात. मुन्शी, म्हणजे व्यापाऱ्याचा कारकून, मोजतो, कार्डावर लिहितो. मजुरीचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पुड्यांमागे. मी ज्या फळीवर बसलो होतो, तिथे शेकड्यामागे चार पुडे वरचे घेत होते. कार्डावर शंभर, ढिगात एकशे चार. म्हणजे करारात लिहिलेला भाव आणि बाईच्या हातात पडलेला भाव यांत जवळजवळ चार टक्क्यांचा फरक. हा फरक ना ग्रामसभेच्या हिशेबात, ना व्यापाऱ्याच्या. त्या वर्षीची कार्डं गोळा करून मी सुरेख तक्ते केले असते, तर सगळे तक्ते चुकले असते.

मला वाटलं, मोठा शोध लागला. पुढच्या खेपेला रीतसर परवानगी घेऊन ग्रामसभेपुढे निष्कर्ष वाचून दाखवले. अशा गावांत अभ्यास करायची सवय आपल्याआधीची आहे, हे विसरू नका. मेंढ्यात तर निर्णयाआधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतात. तर माझं वाचन संपलं. मागे बसलेले एक म्हातारेबुवा म्हणाले, “चार पुडे जातात हे आमाले ठाव हाय, सर. चारच कावून, एक कावून नाही, ते तुम्ही ठेकेदाराले विचारा ना.”

खरंच, मी दुसऱ्या बाजूला कधी विचारलंच नव्हतं. मजूर गरीब आणि व्यापारी लबाड, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो. पुढच्या हंगामात गोदामावर गेलो. तिथला मुन्शी शांतपणे म्हणाला, सत्तर म्हणता, पण कुणाच्या पुड्यात साठ निघतात, कुणाची पानं फाटकी. एकेक सोडून मोजत बसलो तर रात्र होईल, म्हणून चार वरचे. म्हणजे ही तपासणीच्या खर्चाची ठोक वजावट होती, आणि नीट बांधणारी बाई कच्चं बांधणारीचा भुर्दंड भरत होती.

की तेही मुन्शीनं पढवलेलं होतं? मग एका सकाळी पुडे सोडून पानं मोजायला बसलो. दुपारपर्यंत चाळीस झाले. मुन्शी आला, पसारा पाहिला आणि म्हणाला, “आता हे बांधून कोण देणार?” सत्तर पानांचा पुडा मला काही केल्या बांधता येईना. शेवटी त्याच मावशींना बोलावलं. त्यांनी चाळीस पुड्यांचे पैसे माझ्याकडून आधी घेतले.