जेवणघरातला काराव्हाज्जो

डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवर जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंचं एक घर आहे. तिथल्या जेवणघरात वर्षानुवर्षं एक काळवंडलेलं तैलचित्र टांगलेलं होतं. ते डच चित्रकार होन्टहोर्स्टचं, असा समज होता. ऑगस्ट १९९० मध्ये आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीतले संवर्धक सर्जिओ बेनेदेत्ती या घरातली चित्रं बघायला आले, आणि त्यांना शंका आली: हे तर इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं नसेल?

प्रसंग येशूच्या अटकेचा. गेथशेमानेच्या बागेतली रात्र. पण बाग कुठंय? झाड नाही, चंद्र नाही. नुसता काळोख, आणि त्यात एकमेकांवर रेटलेली सात माणसं. येशूचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदा. त्याने येशूचा खांदा घट्ट पकडलाय, ओठ गालाजवळ आलेत. पळू पाहणारा दुसरा एक शिष्य ओरडतोय. त्याचा लाल झगा शिपायाने मागून धरलाय, आणि तोच झगा येशू आणि यहूदाच्या डोक्यांवर ताणला गेलाय. या सगळ्या झोंबाझोंबीत येशूचे हात मात्र खाली, बोटं एकमेकांत गुंफलेली. आणि चित्राच्या ऐन मध्यावर काय? चेहरा नव्हे, शिपायाचा चिलखतातला चकाकता दंड! चिलखतही रोमन काळातलं नाही, चित्रकाराच्या स्वतःच्या काळातलं.

आता उजवीकडे पाहा. मान उंचावून कंदील धरलेला हा माणूस म्हणजे खुद्द काराव्हाज्जो, असं मानलं जातं. गंमत अशी, की त्याच्या कंदिलाचा इथे फारसा उपयोग नाही. चेहरे उजळतात ते डावीकडून, वरून येणाऱ्या प्रकाशाने. तो अटक करायला आलाय की नुसता बघायला? मला वाटतं, बघायला.

रोमचा उमराव चिरिआको मात्तेई याने हे चित्र करवून घेतलं. जानेवारी १६०३ मध्ये त्याने १२५ स्कुदी (तेव्हाची तिथली नाणी) मोजल्याची नोंद आहे. पुढे घराण्याच्या कागदपत्रांत चित्रकाराचं नाव बदललं. १८०२ मध्ये एका स्कॉटिश खरेदीदाराने ते होन्टहोर्स्टचं म्हणूनच नेलं. डब्लिनच्या डॉक्टर मेरी ली-विल्सन यांच्याकडे ते आलं तेही त्याच नावाने. त्यांचे पोलीस अधिकारी पती १९२० मध्ये गोळ्या घालून मारले गेले होते. त्या दुःखात आधार दिलेल्या जेझुइटांना त्यांनी १९३० च्या दशकात हे चित्र भेट दिलं.

बेनेदेत्तींच्या शंकेला पुरावा मिळाला तो इटलीतून. फ्रांचेस्का काप्पेल्लेत्ती आणि लाउरा तेस्ता या दोन तरुण अभ्यासकांनी रेकानाती या गावात मात्तेई घराण्याच्या जुन्या वह्या नुकत्याच धुंडाळल्या होत्या. १२५ स्कुदींची ती नोंद त्यांतच होती. १९९३ मध्ये चित्र नॅशनल गॅलरीत लागलं. मालकी मात्र आजही जेझुइटांचीच.