ढगांच्या वर फुलणारी

(दृश्य: ढगांचा समुद्र. त्यातून वर आलेला तपकिरी सुळका.)

अटलांटिकमधलं स्पेनचं तेनेरिफे बेट ढगांखाली झाकलं गेलंय. वर उरलाय फक्त तेइदे. ३७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी याचा माथा वरच राहील.

ढग सहसा इथवर चढत नाहीत. दिवसा ऊन भाजून काढतं, हिवाळ्यात बर्फ पडतो. पायाखाली प्युमिस, म्हणजे लाव्हाचा फेस थिजून झालेला हलका, सच्छिद्र दगड. दूरवर हिरवं काही दिसत नाही. मग खाली वाकलं, की या खडीतच जमिनीला बिलगलेली ती दिसते.

(दृश्य: फूल, अगदी जवळून.)

तेइदेची व्हायोलेट. जांभळ्या पाच पाकळ्या, मधोमध पिवळा ठिपका, पानांवर बारीक लव. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बनफशा हिचाच नातलग, पण तो सावलीत, ओलाव्यात वाढणारा. हिच्या वाट्याला यातलं काहीच नाही. स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर ३४७९ मीटरवर संपतं. ही त्याहूनही वर फुलते. आणि जगात फक्त याच बेटावर.

जून १७९९. दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर असलेले जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा डोंगर चढले. वर्षभरापूर्वीच इथे लाव्हा उसळला होता. चढताना द्राक्षमळे मागे पडले, मग जंगल, मग झुडपं. उंचीगणिक वनस्पतींचे पट्टे कसे बदलतात, हे त्यांनी पाहिलं, आणि झुडपांच्याही वर त्यांना ही भेटली. व्हायोला चेरँथिफोलिया हे तिचं शास्त्रीय नाव हुम्बोल्ट आणि त्यांचे सोबती बोनप्लाँ यांनीच दिलेलं.

शेजारच्या ग्वाहारा डोंगरावरची व्हायोलेटही हीच, असं पुढे कितीतरी काळ मानलं गेलं. ती वेगळी जात असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. इतकी वर्षं नजरेसमोर असूनही!

(दृश्य: कुरतडलेलं रोप.)

लाव्हा आणि बर्फ सोसणारं हे रोप सशापुढे हतबल आहे. ससे बेटावर माणसानं आणले. १९७१ मध्ये शिकारीसाठी मूफ्लॉन, म्हणजे रानमेंढे, सोडले. त्यात हवा तापतेय. खालची झुडपं गारवा शोधत वर सरकतील. हिच्या वर मात्र डोंगरच उरलेला नाही.

तेइदेच्या राष्ट्रीय उद्यानात काही ठिकाणी सशांना अडवायला जाळ्या लावल्यात.

(दृश्य: जाळी. पलीकडे वाऱ्यात थरथरणारं एक जांभळं फूल.)