बारीक चण, भरलेलं अंग

श्रोतेहो, नमस्कार.

तालमीत नवा आलेला बारीक चणीचा मुलगा अंगठा आणि मधल्या बोटानं स्वतःचं मनगट वेढून बघतो. बोटं एकमेकांवर चढली की चेहरा उतरतो. “आपली हाडंच बारीक, आपलं अंग काही भरायचं नाही,” असं मनाशी ठरवतो आणि महिन्याभरात येणं बंद करतो. मला याचं फार वाईट वाटतं.

मुलांनो, मनगटावर मांस जवळजवळ नसतंच. तिथं हाड, शिरा, कंडरा (मांस हाडाला जोडणारे दोर) आणि कातडी. वयाची वाढ थांबली की ते जाड होत नाही. दंड, छाती, पाठ, मांड्या मात्र वाढतात. थोराड हाडाच्या माणसाइतकं मांस कदाचित चढणार नाही, हे खरं. पण आपल्या मर्यादेजवळ पोचायलाच कित्येक वर्षं जातात, आणि बारीक सांध्याशेजारी भरलेला दंड उठून दिसतो.

१९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, ते ५७ किलोच्या गटात. त्याच वर्षी बंगालचे मनोहर आईच लंडनला शरीरसौष्ठव स्पर्धेत बुटक्यांच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. उंची चार फूट अकरा इंच! इंग्रजांच्या तुरुंगात असताना त्यांनी व्यायामाचा ध्यास घेतला होता.

आता जेवणाविषयी, कारण गाडी बहुतेक इथंच अडते. “मी खूप खातो” म्हणणाऱ्यानं तीन दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहावं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन पोळ्या, असंच निघतं. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या मुलाला ऐंशीच्या आसपास. चार अंड्यांतून चोवीस, अर्धा लिटर दुधातून सोळा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंचवीस. उरलेली मटकीची उसळ, वरण, भाकरी आणि शेंगदाण्यांतून निघतात. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याची गरज नाही. अंग भरायला इंजेक्शनं घ्या म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस पुरे: बैठका किंवा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं), पुलअप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं). ठरलेल्या रेप्स, म्हणजे आवर्तनं, नीट जमल्या की वजन थोडंसंच वाढवा. मांस लवकर ताकद धरतं, कंडरांना वेळ लागतो. त्यामुळे घाई केली की आधी मनगट आणि कोपर कुरकुरतात. बेंच प्रेसला मनगट मागं मोडू देऊ नका. दांडा बोटांच्या मुळाशी नको, तळव्याच्या खालच्या उंचवट्यावर घ्या, म्हणजे भार सरळ हाताच्या हाडांवर उतरतो. दुखलं तर वजन उतरवा, आणि तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

महिन्याला अर्धा किलो वजन वाढलं, तरी उत्तम चाललंय असं समजा. नमस्कार.